पाण्याचा निकाल

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आपल्या गावातील बंद राईस मिलमध्ये आज सकाळी अकरा वाजता झालेल्या वार्षिक परीक्षेस एकूण सात चित्रे बसली होती. सातही नापास झाली आहेत. निकाल शून्य टक्के. नापास चित्रांना दुपारी तीन वाजता पांढरा रंग फासण्यात येईल. नागरिकांनी शांतता राखावी. नागपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.

ही घोषणा माझी. एका एकतीस डिसेंबरला मी ती आमच्या बसस्टँडच्या माईकवरून खरोखर केली होती आणि केल्याचा मला आजही अभिमान आहे. गाव लहान. मूल गावाहून गडचिरोलीला जाताना लागतं. स्टँडवर फलाट दोन, माईक एक, आणि त्या माईकसमोर मी, कंट्रोलर. घोषणा संपल्यावर स्टँडवर अशी शांतता पसरली की भजीवाल्याच्या कढईचा आवाज ऐकू येत होता. पोत्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोक्याचा दुपट्टा सोडून हातात घेतला आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "कोन गेलं जी?"

संध्याकाळी घरमालक जिना चढून वर आले. आता खोली खाली करावी लागणार, असं मी धरून चाललो.

"साहेब, ते जड अंतःकरनानं काऊन म्हनलं तुमी?"

"भाऊ, सात चित्रं नापास झाली…"

"मंग? आनंदानं सांगाचं! मानूस आपलंच काम नापास करून राह्यला म्हनजे त्याचे डोये शाबूत हायेत. ज्या साली माये सारेच चित्रं पास होतीन ना, त्या साली मले तुमच्या गाडीत टाका अन् गडचिरोलीच्या दवाखान्यात नेऊन द्या."

एवढं बोलून ते खाली गेले. पुढच्या वर्षी मी आवाजात आनंद आणून तीच घोषणा केली. त्या वर्षीही निकाल शून्यच होता.

घरमालक पेंटर होते. गाव त्यांना पेंटरभाऊ म्हणे. उंच, वाळका माणूस. काम करताना ते ब्रश दातात आडवा धरत, त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या मिशीच्या एका टोकाला नेहमी कुठला ना कुठला रंग लागलेला असे. त्या टोकावरून मला खाली काय चाललंय ते समजायचं. निळं टोक म्हणजे पाणी. तपकिरी म्हणजे बैल किंवा बांध. आणि दोन्ही टोकं पांढरी असली की काम अडलंय, आज त्यांच्याशी बोलायला जाऊ नये.

मी मूळचा सांगलीकडचा. बदली होऊन आलो तेव्हा मिलच्या ऑफिसवरची खोली भाड्यानं आहे असं कळलं, म्हणून गेलो. त्यांनी नाव, गाव, नोकरी काहीच विचारलं नाही.

"शर्ट कोन्या रंगाचा हाये तुमचा?"

"निळा."

"या इकडं, सावलीत. आता?"

"निळाच."

"नीट पाहा जी. शर्ट तुमचा हाये, घाई कोनाची हाये?"

मी त्या भर मे महिन्यात मिलच्या ओसरीत उभा राहून स्वतःच्या पोटाकडे पाहत बसलो. पाच मिनिटांनी मला वेड लागतंय असं वाटून मी म्हणालो, "भाऊ, खांद्यावर निळा आहे. पण इथं, खिशाच्या खाली… थोडा जांभळट आहे का हो?"

"सामान आना," ते म्हणाले.

खोलीची अट एकच होती. उत्तरेच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. मी आठव्या दिवशी विसरलो आणि लाल टॉवेल टाकला. खालून गर्जना झाली. "साहेब! तुमच्या टॉवेलानं माया तलावाले लाज आनली!" खाली जाऊन पाहतो तर काय, टॉवेलावरून परतलेला उजेड छपराच्या फटीतून बरोबर त्यांच्या कॅनव्हासवर पडला होता आणि चित्रातलं पाणी गालावर लाली आल्यासारखं दिसत होतं. तोवर मला उजेड म्हणजे बटण दाबल्यावर येणारी गोष्ट वाटायची.

ते शिकले कुठे, तर घुग्घुसला. कोळशाच्या ट्रकांच्या मागे नावं आणि फुलं काढत पंधरा वर्षं. "तिथी पांढरा रंग लावला का संध्याकाळलोग राखडी होते," ते सांगत. "लोकं रडत. मी म्हनलं, काऊन रडता? देवानं फुकट शाळा काढून देल्ली. पंधरा वर्षं मी राखडी शिकलो. तुमाले वाटते राखडी एक असते. पावनेदोनशे असतात." मग फ्लेक्सची मशीन आली, ट्रकवाल्यांना ब्रश नको झाला, आणि भाऊ गावी येऊन वडिलांच्या बंद मिलमध्ये चित्रं काढायला बसले. छपराचे उत्तरेकडचे दोन पत्रे काढून तिथं काच बसवली. मांजरपाटाला डिंक आणि खडूची पूड लावून कॅनव्हास घरी तयार केला. रंग कालवायला तेलाच्या डब्याचं झाकण. मिलमध्ये तेव्हाही कोंड्याचा वास होता, आणि त्यात घासलेटचा मिसळला की जो वास तयार होतो तो मला आज राजुऱ्याच्या क्वार्टरमध्ये बसूनही आठवतो.

बाजारातला तयार हिरवा त्यांनी कधी घेतला नाही. "हिरवा हा रंग नाई, तो महिना हाये," असं त्यांचं म्हणणं. कुणी जंगलाचं चित्र मागितलं की ते विचारत, "कोन्या महिन्यातलं?" त्या भागातल्या एका नाटक कंपनीच्या मॅनेजरनं एकदा जंगलाचा पडदा सांगितला. भाऊंनी महिना विचारला. मॅनेजर म्हणाला, "जंगल म्हनजे जंगल, पेंटर. महिना कायले पायजे?" भाऊंनी नाटकाची वही मागून घेतली, वाचली, त्यात मोह वेचायचा प्रवेश आहे हे पाहिलं आणि चैत्रातलं जंगल रंगवून दिलं. उघडे साग, खाली पाचोळा, त्यात मोहाची फुलं. मॅनेजरनं कपाळ बडवून घेतलं, पण प्रयोग तोंडावर आला होता. त्या पडद्यापुढे नायिका पावसाचं गाणं म्हणायला लागली तेव्हा समोर ताडपत्रीवर बसलेल्या बाया ओरडल्या, "बाई वो, चैत हाये! घरी जाय, ऊन लागन!" मॅनेजरला शेवटी गाणं बदलावं लागलं. पडदा तसाच राहिला. मी त्या प्रयोगाला नव्हतो, पण सांगताना मी नेहमी असतो.

आता छत्रीबद्दल सांगतो. भाऊ रोज पहाटे गावच्या तलावावर जात. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसत. सोबत कागद नाही, पेन्सिल नाही. दीडएक तास नुसतं पाणी पाहायचं आणि उठायचं. परत येताना मात्र छत्री उघडायची आणि तोंडासमोर अशी आडवी धरायची की स्वतःच्या पायांपलीकडे काही दिसू नये. बाराही महिने. वाटेत कुणाची पिवळी साडी, दुकानाची लाल पाटी डोळ्यात गेली की सकाळी पाहिलेलं पाणी गढूळ होतं, असा त्यांचा हिशेब होता. गावानं हे इतकं मान्य केलं होतं की छत्री दिसली की लोक बाजूला होत. "सरका, भाऊ पानी घेऊन चालले." एकदा त्यांनी आमची सिंदेवाहीची गाडी सात मिनिटं अडवली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही, प्रवाशांनी कुरकुर केली नाही. उशिराचं कारण म्हणून मी रजिस्टरमध्ये लिहिलं : 'रस्त्यात तलाव.' वरून कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे रस्त्यात तलाव येणं नवीन नाही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी निकाल. का, तर धान कापून, मळून झालेलं असतं, माणसाला उभं राहून पाहायला सवड असते, आणि भाऊंच्या मते पुसातलं, म्हणजे पौषातलं, ऊन खोटं बोलत नाही. वर्षभराची चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी करायची. अकरा वाजता एकेक वळवायचं. प्रत्येक चित्राला परीक्षक वेगळा. बैलाला बैलवाला, धानाला धानवाला, चहाच्या टपरीला चहावाला. चित्रकलेतलं काही कळत असलं तर त्या माणसाला त्या दिवशी मिलमध्ये प्रवेश नाही.

पास होण्याचा नियम सोपा आणि भयंकर होता. परीक्षक 'छान' म्हणाला की चित्र नापास. 'मस्त', 'भारी', 'हुबेहूब' सगळं नापास. "छान त लोकं दुसऱ्याच्या लेकराले पन म्हनतात," भाऊ म्हणत. विचार करायच्या आत माणसाच्या तोंडून काही निसटलं, हातून काही घडलं, तरच पास. गावाला हा नियम पाठ होता, म्हणून लोक भाऊंना मदत करायला बघत. आमच्या न्हाव्यानं एका वर्षी आपल्या दुकानाचं चित्र वळताच "अरे बापा रे बापा!" म्हणून छातीवर हात मारला. भाऊंनी शांतपणे चित्र परत भिंतीकडे वळवलं. "हे निसटलं नाई. हे तुमी सोडलं."

पहिल्या पाच वर्षांत खरं पास झालेलं मी एकच पाहिलं. ओसरीत बसलेल्या एका म्हाताऱ्याचं चित्र होतं, आणि परीक्षक म्हणून त्याचीच सून आली होती. सासरा जाऊन चार वर्षं झालेली. चित्र वळलं. तिचा हात आपोआप वर गेला आणि तिनं डोक्यावर पदर घेतला. भाऊंनी ते चित्र तिथल्या तिथं तिच्या हाती देऊन टाकलं.

आणि माझा गुन्हाही सांगून टाकतो. पहिल्याच वर्षी शेतावरच्या धुक्याचं एक चित्र वळलं आणि परीक्षकानं तोंड उघडायच्या आत मी, सांगलीचा माणूस, दोन्ही हात पसरून म्हणालो, "अप्रतिम!" परीक्षक शेतकरी माझ्याकडे पाहून भीतभीत म्हणाला, "हो जी, अप्रतिमच." झालं. दुपारी तीनला पाच महिन्यांचं धुकं पांढऱ्या रंगाखाली गेलं. भाऊ एवढंच म्हणाले, "तुमचा आवाज चांगला हाये, साहेब. स्टँडवर वापरत जा." तेव्हापासून निकालाला मला प्रवेश होता, पण तोंडावर रुमाल दाबून उभं राहायच्या अटीवर.

निकालाच्या आदल्या संध्याकाळी ते कोळशानं मिलच्या भिंतीवर एक ओळ लिहीत. वर्षभरात काय समजलं त्याची ओळ. 'यंदा समजलं : सावली काळी नसते.' 'यंदा समजलं : धुकं काढाचं नसते, बाकीचं पुसाचं असते.' 'यंदा समजलं : म्हैस पान्यात गेली का पानी आधी बदलते, म्हैस मंग.' एका वर्षीची ओळ मला सगळ्यांत आवडते : 'यंदा काहीच नाई समजलं, पन चांगल्या जागी येऊन नाई समजलं.' मी अनेक भाषणं ऐकली आहेत, मोठ्या माणसांची, हार घातलेल्या. त्या भिंतीच्या तोडीचं एकही नव्हतं.

पण एक विद्यार्थी मिलमध्ये वर्षानुवर्षं बसत होता आणि नापास होत होता. गावचा तलाव. त्याची परीक्षक सिंधूबाई. मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतली. तिचा नवरा देवराव आणि ती रोज त्या तलावात जाळं टाकत. सिंधूबाई 'छान' म्हणणाऱ्यांतली नव्हतीच. एका वर्षी म्हणाली, "पानी हाये, भाऊ. पन कुठचंही असू शकते." दुसऱ्या वर्षी, "हे शहरातल्या बगिच्यातलं पानी हाये." तिसऱ्या वर्षी पदराला हात पुसत म्हणाली, "याच्यात मासे नाई," आणि निघून गेली. भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. रात्री मात्र मला म्हणाले, "नागपुरात मोठं प्रदर्शन भरते. तिथी असं सांगनारं कोनी नाई."

माझ्या तिथल्या सहाव्या वर्षी भाऊंनी बाकी सगळं सोडून दिलं. बैल नाही, धान नाही. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत एकच कॅनव्हास, तलावाचा. मिशीचं टोक बारा महिने निळं, मधूनमधून दोन्ही टोकं पांढरी. तीस डिसेंबरला संध्याकाळी मी ड्यूटीवरून आलो आणि सवयीनं भिंतीकडे पाहिलं. ओळ लिहून झाली होती.

'यंदा समजलं : पुरे.'

मी आत गेलो. ब्रश धुऊन, सुतळीनं बांधून ठेवले होते.

"भाऊ, हे काय?"

"उद्या पानी नापास झालं त मिल खताच्या गोदामाले देतो. पोरगी कधीची नागपूरले बोलावून राह्यली."

"एका चित्रावरून?"

"एक कायचं? बारा साल झाले त्या तलावाले. ज्याले आपल्या गावचं पानी नाई जमलं, त्यानं मोठ्या मोठ्या गोष्टी भिंतीवर लिहाच्या नाई."

मी चप्पल घालून थेट सिंधूबाईचं घर गाठलं. कबूल करतो, मी खोटी साक्ष मागायला गेलो होतो. ती अंगणात जाळं शिवत बसली होती. मी सगळं सांगितलं. भिंतीवरची ओळ, सुतळी, खताचं गोदाम. "बाई, उद्या काहीतरी बोला. मनापासून निसटल्यासारखं."

तिनं सुई थांबवली. "साहेब, तुमी गाड्या पुकारता. कोनी म्हनलं का आज खोटीच गाडी पुकारा, त पुकारान?"

"नाही."

"मंग मले काऊन सांगता? भाऊ मायासाठी बारा साल पानी पाहून राह्यले. गावात दुसरं कोनी पाह्यलं का? त्याहीले मी खोटं सांगू?"

मी मान खाली घालून परत आलो. त्या वेळी मला भाऊंपेक्षा तिचाच अभिमान जास्त वाटला, आणि रागही तिचाच जास्त आला.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये सगळं गाव आलं होतं. ओळ लोकांनी वाचली होती, त्यामुळे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. न्हावी मुकाट्यानं हात मागे बांधून उभा. मी तोंडावर रुमाल दाबलेला. अकरा वाजून गेले तरी सिंधूबाईचा पत्ता नाही. सव्वाअकराला ती आली, थेट तलावावरून, आणि पहिल्यांदाच तिच्यामागे देवराव. निकाल म्हणजे भाऊंचं खूळ, असं मानणारा हा माणूस कधी फिरकला नव्हता. आज बायकोनं ओढून आणला असावा. त्याच्या खांद्यावर ओलं जाळं, त्यातून पाणी टपकत होतं.

भाऊंनी कॅनव्हास वळवला.

त्यात काही नव्हतं. खरंच सांगतो. पाळ नाही, कमळं नाहीत, मासे धरायचा डोंगा नाही, एक बगळासुद्धा नाही. कडेपासून कडेपर्यंत फक्त पाणी, धुकं उठून गेल्यावरचं, आणि पावणेदोनशेपैकी किती राखाडी त्यात होते ते भाऊच जाणोत. मला रुमालाखाली ओठ चावावे लागले.

भाऊ चित्राकडे पाहत नव्हते. ते कॅनव्हासला पाठ करून सिंधूबाईच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती हाताची घडी घालून उभी होती. एक मिनिट झालं असेल. दोन झाली असतील. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. भाऊंनी हळूच मान डोलावली, जसं काही त्यांना उत्तर मिळालं, आणि चित्र परत वळवायला हात मागे नेला.

तेवढ्यात देवराव चित्र नीट दिसावं म्हणून एक पाऊल पुढे आला. ओल्या जाळ्याचा भार झाला म्हणून त्यानं ते खांद्यावरून उतरवलं आणि सवयीनं डाव्या कोपरावर गोळा करायला लागला, जाळं फेकायच्या आधी रोज करायचा तसं. सिंधूबाईची नजर पाण्यावरच होती. ती झटकन पुढे झाली आणि तिनं नवऱ्याचा दंड धरला.

"अवो, तिथी नोका फेकू! खाली खुंट हाये, जाळं फाटन!"